प्रतिसाद: उडी मारणारा कोळी पाळायचा तर

भाऊ, रावेरहून आलेल्या केळीच्या घडासोबत घरात शिरलेला, टपोऱ्या डोळ्यांचा, टुणकन उडी मारणारा कोळी लेकीला पाळायचाय असं तुम्ही लिहिलंय. जरूर पाळू द्या. हे कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत. आठ डोळ्यांतल्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी हेरून झेप घेतात. आपल्याकडेही वळून बघतात, म्हणून तर जीव लागतो.

खाऊ आपल्या खान्देशात फुकट आहे, पिकलेल्या केळीच्या सालीवर जमणारी चिलटं. फवारलेल्या बागेतले किडे मात्र नकोत. पाण्याची वाटी नको, आतून बारीक थेंब शिंपडा. प्लास्टिकच्या बरणीला बाजूने भोकं पाडा आणि ती उपडी ठेवा. हा गडी राहायला रेशमी पिशवी बहुधा वरच्या टोकाला विणतो, झाकण वर असलं की उघडताना दर वेळी ती फाटते. त्याच पिशवीत तो कात टाकतो. तेव्हा कितीतरी दिवस खात नाही, हलत नाही. मेला समजून फेकू नका! आत जिवंत किडाही सोडू नका, मऊ अंगाला इजा होते.

जळगावच्या मे महिन्यात बरणी खिडकीत अजिबात नको, आणि त्या खोलीत डासांची कॉइलही लावू नका.