दोघांनी मिळून लांबचा मोटारप्रवास: रोज किती अंतर ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. मी आणि माझे पती आमच्या स्वतःच्या गाडीने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा बेत आखत आहोत. जाऊन-येऊन अंतर साधारण ६,००० किलोमीटर भरते आणि दोघांना एकाच वेळी मिळालेली रजा २१ दिवसांची आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, पाच वर्षे वापरलेली आहे. आम्ही दोघेही नियमित गाडी चालवतो, परंतु तीन दिवसांपेक्षा मोठा प्रवास एकत्र कधी केलेला नाही.

पतींनी तयार केलेल्या तक्त्यात रोज पहाटे चार वाजता निघून ७०० किलोमीटर जाण्याची योजना आहे, म्हणजे साडेचार दिवसांत पोहोचून तिकडे भरपूर दिवस हाती राहतील. मला ४०० किलोमीटरच्या पुढे जाणे जमेल असे वाटत नाही, पण तसे केले तर निम्म्याहून अधिक रजा रस्त्यावरच संपते, हा त्यांचा मुद्दाही मला खोडता येत नाही.

मागच्या महिन्यात सराव म्हणून आम्ही दोन दिवस जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गाडी चालवत होते, नकाशा माझ्याकडे होता आणि मी एक फाटा वेळेवर सांगितला नाही. परत फिरण्यात २२ किलोमीटर गेले आणि त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत दोन तास आमच्यात एक शब्दही झाला नाही. भांडणाचे मूळ त्या फाट्यात नव्हते हे दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलल्यावर लक्षात आले: सकाळपासून आम्ही धड काही खाल्ले नव्हते आणि आपण थकलो आहोत हे दोघांपैकी कोणीच बोलून दाखवले नव्हते. असे प्रवास केलेल्या जोडप्यांनी रोजचे अंतर कसे ठरवले, मुक्काम आधी आरक्षित केले का आणि गाडीची तयारी किती दिवस आधी केली, हे सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मला ७०० किंवा ४०० हा वाटत नाही, पहाटे चार हा वाटतो. मी आणि माझ्या पत्नीने गेल्या १२ वर्षांत असे पाच मोठे प्रवास केले आहेत. पहिल्या प्रवासात आम्हीही किलोमीटर मोजून दिवस आखले होते. आता आम्ही जागेपणाचे तास मोजतो आणि त्यातून जेवढे किलोमीटर निघतील तेवढेच त्या दिवसाचे धरतो.

चारला निघायचे तर साडेतीनला उठावे लागते, म्हणजे रात्री साडेआठला तुम्हाला जागे होऊन १७ तास झालेले असतात. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळाप्रमाणे सर्वाधिक गुंगीचा काळ असतो आणि दुपारी जेवणानंतर दुसरी, थोडी सौम्य झापड येते. तुमच्या तक्त्यात या दोन्ही वेळांना गाडी धावत असणार आहे.

आता ७०० चा हिशेब पाहू. रस्ता कितीही चांगला असला तरी इंधन, रस्त्याची कामे, मधली गावे आणि वाहतूक धरून आमची प्रत्यक्ष सरासरी ताशी ७० किलोमीटरच्या वर क्वचितच गेली आहे. त्या हिशेबाने चाके फिरतात ते १० तास, आणि जेवण व थांबे मिळून आणखी दोन. युरोपीय संघात मालवाहू ट्रकच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाची मर्यादा ९ तासांची असून ती आठवड्यातून दोनदाच १० तासांपर्यंत वाढवता येते. ज्यांचा तो रोजचा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी हा नियम आहे. तुम्ही दोघे आहात हे खरे, परंतु आळीपाळीने चालवल्यामुळे हातापायांना आणि डोळ्यांना आराम मिळतो, झोपेची थकबाकी त्याने फिटत नाही. शेजारी बसलेला माणूसही तोच आवाज, तेच ऊन आणि तेच हादरे सोसत असतो.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. आमच्या पहिल्या प्रवासात तिसऱ्या दिवशी, दिवस मावळताना, मी ताशी ९० च्या वेगाने गाडी चालवत होतो आणि पत्नीला शेजारी डोळा लागला होता. रस्त्याच्या कडेला खडबडीत पट्टे असतात, त्यांच्यावरून डावीकडची चाके गेली आणि त्या घरघराटाने मी जागा झालो. झोपलो होतो हे मला तोवर कळलेच नव्हते. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत गाडी १०० मीटर जाते, आणि त्या वेळी तिच्यावर कोणाचाही ताबा नसतो. आम्ही पहिल्या सुरक्षित जागी थांबलो आणि पत्नीने बराच वेळ माझा हात सोडला नाही. त्या संध्याकाळपासून आमचा नियम आहे की कोणी दुसऱ्यांदा डोळे चोळले किंवा मागचे काही किलोमीटर कसे गेले हे आठवेनासे झाले, तर चालक बदलायचा, आणि दोघेही तशाच अवस्थेत असतील तर गाडी थांबवायची. काच खाली करणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. खरा उपाय झोप हाच. कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून आम्ही ती पिऊन लगेच १५ ते २० मिनिटे झोपतो आणि ती अंगात भिनेपर्यंत जागे होतो. त्याहून जास्त झोपल्यास उठल्यावर बराच वेळ डोके जड राहते.

वेग वाढवून वेळ वाचवण्याच्या मोहातही पडू नये. ३०० किलोमीटरच्या टप्प्यात ताशी १०० ऐवजी ११० ने गेल्यास जेमतेम १६ मिनिटे वाचतात. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने इंधन लक्षणीय जास्त जळते आणि कानांनाही गोंगाट सहन करावा लागतो.

तुमच्या २१ दिवसांत मी १४ दिवस प्रवासाचे, रोज सुमारे ४३० किलोमीटरचे धरीन. जाताना एक आणि येताना एक दिवस गाडीला हातही न लावण्याचा ठेवीन. तरीही तिकडे पाच दिवस उरतात. ते कमी वाटत असतील तर शेवटचे टोक गाठण्याचा हट्ट सोडून दोन-अडीचशे किलोमीटर अलीकडेच थांबावे, पण रोजचे अंतर वाढवू नये.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र रोज ४३० हा आकडा सरसकट धरू नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर तेवढे अंतर दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्याहून अधिक सरते, तर घाटरस्त्यावर २०० किलोमीटरमध्येच दिवस मावळतो. प्रत्येक टप्पा तासांत लिहावा आणि मुक्कामाला अंधार पडण्यापूर्वी किमान एक तास पोहोचता येईल असा ठेवावा.

मुक्कामांच्या बाबतीत माझे मत पक्के आहे. सर्व रात्री आधी आरक्षित केल्या तर एखाद्या दिवशी बरे नसतानाही केवळ पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढे जात राहतो, आणि काहीच आरक्षित नसेल तर थकल्या अंगाने खोल्या शोधत हिंडावे लागते. त्यामुळे पहिली रात्र, शनिवार-रविवारच्या रात्री आणि जिथे आसपास दुसरी सोय नाही अशी ठिकाणे आधी निश्चित करावीत. बाकीचे मुक्काम शक्यतो आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीचे अंतर पाहून आणि आयत्या वेळी रद्द करता येतील असे घ्यावेत.

प्रतिसाद ३

गाडीच्या तयारीविषयी लिहितो, कारण त्यात वेळेला फार महत्त्व आहे. सर्व्हिसिंग निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करून घ्यावे आणि त्यानंतर रोजच्या वापरात गाडी किमान दोन-तीनशे किलोमीटर चालवावी. मी एकदा आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घेतले. तेलाचा फिल्टर नीट आवळलेला नव्हता आणि १५० किलोमीटरवर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. तो पाहताच इंजिन बंद केले म्हणून ते वाचले, पण एक दिवस आणि मनःशांती दोन्ही गेले. अशी चूक घराजवळ लक्षात आली तर तासाभरात दुरुस्त होते.

टायरची केवळ झीज पाहू नये, वयही पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला असतो. तुमची गाडी पाच वर्षांची असल्याने मूळ टायर अजून तेच असतील तर जाणकाराकडून बाजूच्या भेगा अवश्य तपासून घ्याव्यात. हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा, कारण गाडी चालल्यावर तो वाढतो आणि आकडा फसवा येतो. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर सामान भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असेल तर तो धरावा. स्टेपनीची हवा बहुतेक जण विसरतात.

आणखी एक विनंती आहे. निघण्यापूर्वी एखाद्या सुटीच्या दिवशी तुम्ही दोघांनी, म्हणजे ताई, तुम्हीही, स्वतःच्या हाताने एक चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. यंत्राने आवळलेले नट हाताच्या पान्याने सहसा हलत नाहीत, जॅक लावून चाक अधांतरी झाल्यावर ते सैल करायला गेले तर चाकच फिरते, म्हणून चाक जमिनीवर असतानाच ते थोडे सैल करायचे असतात, हे सारे एकदा करून पाहिल्याशिवाय हाताला समजत नाही. आमच्या सरावात पान्याचा दांडा आखूड असल्याचे आढळले आणि आम्ही लांब दांड्याचा पाना घेऊन ठेवला.

उताराच्या घाटात ज्या गिअरमध्ये वेग आवरता येतो तोच ठेवावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होऊ लागतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते बदलून दोन वर्षे झाली असतील तर या वेळी अवश्य बदलावे. जड सामान मागच्या आसनाला टेकून आणि खाली ठेवावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हे सर्व एकत्र बसून वाचले. त्या चार सेकंदांच्या हिशेबानंतर पती बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी स्वतःच तक्त्यातले पहाटेचे चार खोडून सकाळचे सात लिहिले. एक प्रश्न उरतो: कामाची वाटणी आणि कुरबुरी यांचे काय करावे?

प्रतिसाद ४

आमच्याकडे ठरलेली पद्धत अशी आहे की वेग आणि पुढे काढायचे की नाही हे चालक ठरवतो आणि रस्ता शेजारचा ठरवतो. चालकाने रस्त्यावरून हुज्जत घालायची नाही. मात्र शेजारच्याला भीती वाटली तर "हळू" एवढा एकच शब्द तो म्हणतो आणि चालक कारण न विचारता वेग कमी करतो. पुढचे वळण एकदा दोन किलोमीटर आधी आणि एकदा पाचशे मीटर आधी सांगायचे आणि चालकाने "हो" म्हणून ते ऐकल्याचे कळवायचे, एवढ्यानेच चुकलेल्या फाट्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. उपग्रहांकडून येणारा जीपीएसचा संकेत मोबाइल नेटवर्क नसतानाही मिळतो, परंतु नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला असावा लागतो. तो दोघांच्याही फोनमध्ये घ्यावा.

दर दोन तासांनी चालक बदलतो, मग कोणी कितीही ताजेतवाने असो. "मला अजून जमते आहे" या वाक्यातूनच आमचे निम्मे वाद निघत असत. शेजारच्याला झोपायचे असेल तर त्याने आधी तसे सांगायचे आणि पाठ फार मागे टाकायची नाही, कारण आडवे झाल्यावर पट्टा छातीवर राहत नाही आणि धक्का बसला तर शरीर त्याखालून घसरते. पाय डॅशबोर्डवर ठेवणे तर एअरबॅगमुळे त्याहून धोक्याचे आहे.

तुम्ही ओळखलेले कारण अगदी बरोबर आहे, ताई. भूक आणि थकवा बोलून दाखवण्याची आम्हा दोघांनाही सवय नव्हती, म्हणून प्रत्येक थांब्यावर दोघांनी स्वतःच्या थकव्याला दहापैकी गुण द्यायचे असे ठरवले. कोणाचाही आकडा सातच्या वर गेला तर पुढचा मुक्काम अलीकडे घ्यायचा आणि त्यावर चर्चा करायची नाही. आमच्या मागच्या प्रवासात असे तीनदा झाले. तिन्ही वेळा आकडा माझा होता आणि तिन्ही वेळा माझ्या पतींनी काही न विचारता फोन उचलून जवळची खोली पाहिली.

विमा आणि वाहन परवान्याची मुदत दोघांचीही तपासावी. विम्यात चालक म्हणून दोघांनाही संरक्षण आहे ना, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे आणि त्याची प्रत गाडीतच ठेवावी.