ओसीच्या शिक्क्यासाठी चार हजार जास्त मोजावेत का?

घोडबंदरकर

काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, साधे ग्राफिक्स कार्ड म्हणजे चाळणीतून खाली पडलेली, म्हणजे निवडीत मागे राहिलेली चिप असते, त्यामुळे चार हजार रुपये जास्त गेले तरी ओसी (ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीनेच वेग वाढवून दिलेली) आवृत्तीच घ्यावी. ते वाचून माझ्या भाच्याने रात्रीच फोन केला आणि चांगल्या एसएमपीएसवरचे (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे) पैसे वाचवून ओसी कार्ड घेणार असल्याचे सांगितले, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

आरटीएक्स ४०६० या कार्डाचा मूळ बूस्ट क्लॉक (भार पडल्यावरचा चिपचा जाहीर वेग) २४६० मेगाहर्ट्झ आहे. माझ्या पाहण्यातल्या ओसी आवृत्त्यांवर २५०५ च्या आसपासचा आकडा असतो, म्हणजे फरक दोन टक्क्यांहूनही कमी. जिथे खेळात सेकंदाला ६० फ्रेम मिळतात तिथे फार तर ६१ मिळतील. शिवाय २०१२ साली जीटीएक्स ६८० या कार्डासोबत जीपीयू बूस्ट ही सोय आल्यापासून कार्ड स्वतःच तापमान, वीज आणि व्होल्टेज पाहून क्लॉक चढवते नि उतरवते. माझे साधे ४०६० खोक्यावर २४६० छापलेले असूनही प्रत्यक्षात २७०० च्या पुढे चालते. मे महिन्यात दुपारी मात्र ते तापून क्लॉक उतरवू लागले होते. भिंतीला चिकटलेले कॅबिनेट मी अर्धा फूट पुढे ओढले, तेव्हा तापमान सहा अंशांनी उतरले. त्याला एक रुपयाही लागला नाही.

ऐरोलीकर

आपले आकडे बरोबर आहेत, पण कार्ड विकत घेणारा माणूस केवळ फ्रेम मोजत बसत नाही. मी रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (चित्रे तयार करण्याचे काम) लावतो आणि शेजारच्या खोलीत आठ महिन्यांची मुलगी झोपलेली असते. आधी मी सर्वांत स्वस्त, आखूड कार्ड घेतले होते. रेंडर सुरू होऊन दहा मिनिटे झाली की त्याचे दोन छोटे पंखे शिटी होण्याआधीच्या कुकरसारखे फुसफुसू लागत, आणि पाठोपाठ मुलगी जागी होई. ते विकून तीन पंख्यांचे ओसी कार्ड घेतले, त्या दिवसापासून घरात शांतता आहे. ज्यांनी असे कार्ड कधी वापरलेच नाही, त्यांनी इतरांच्या खरेदीला उधळपट्टी ठरवू नये.

घोडबंदरकर

मी उधळपट्टी हा शब्द वापरलेला नाही, कृपया माझ्या तोंडी घालू नये. आपण ज्याचे कौतुक करीत आहात तो मोठा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) आहे, ओव्हरक्लॉक नव्हे. असूसचे ड्युअल ४०६० आणि ड्युअल ४०६० ओसी शेजारी ठेवून पाहिले तर तोच कूलर दिसतो, क्लॉक आणि किंमत तेवढी बदलते. शांतता हवी असेल तर पंखे आणि हीटसिंक पाहून कार्ड निवडावे. ते साध्या आवृत्तीत मिळत असेल तर शिक्क्याचे पैसे का द्यावेत?

शिवाय जास्त क्लॉक धोक्याशिवाय येतो असेही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात येताच अनेकांची कार्डे २ गिगाहर्ट्झच्या (२००० मेगाहर्ट्झच्या) आसपास पोहोचली की खेळ बंद पडत होते. चिपमागे बसवलेल्या कपॅसिटरची (वीज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांची) एक मांडणी प्रत्यक्ष चाचणीत टिकली नाही, हे तेव्हा ही कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने स्वतः जाहीर केले होते.

ऐरोलीकर

अर्धीच हकिकत सांगू नका. मूळ चिप-कंपनी एनव्हिडियाची स्वतःची फाउंडर्स एडिशन कार्डे वापरणाऱ्यांनीही तीच तक्रार केली होती आणि ४५६.५५ हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आल्यावर बहुतेकांचा त्रास थांबला. तो दोष ओसी शिक्क्याच्या माथी मारणे योग्य नाही.

खाडीकाठचा

दोघांचेही चालू द्या, पण नवी मुंबईत राहणाऱ्याने आधी गंजाचा विचार करावा. माझे कार्ड एकवीस महिन्यांनी बंद पडले, वॉरंटी तीन वर्षांची होती. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने कार्ड उलटे धरले, ब्रॅकेटच्या (कार्ड कॅबिनेटला बसवायच्या पत्र्याच्या) स्क्रूजवळ तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस डाग दाखवला आणि ‘करोजन, वॉरंटी रद्द’ असे कागदावर लिहून दिले. कार्ड बंद पडण्याशी त्या डागाचा काय संबंध, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. कोपरखैरण्यात खाडीचा वारा खिडकीतून थेट येतो, पावसाळ्यात कपाटातल्या चाव्याही गंजतात. मग कंपनीने येथे कार्ड विकावेच का? ओसीचे ते चार हजार मला कोणी परत केले नाहीत.

नौपाडेकर

हा मूळ विषय नाही, पण यावर गप्प बसवत नाही. नकार लेखी घेतलात हे उत्तम केलेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. शिवाय कार्ड घेतल्या दिवशीच ब्रॅकेट, पोर्ट आणि अनुक्रमांकाचे फोटो काढून ठेवावेत.

ऐरोलीकर

गंजाला ओसी आणि साधे सारखेच. धागा कोणत्या विषयावर उघडला आणि आपण कुठे चाललो आहोत? खाडीकाठच्यांचे दुःख खरे आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

खाडीकाठचा

ज्याचे बावीस हजार बुडाले त्याला विषयांतर शिकवू नये. आपल्या ऐरोलीलाही खाडी आहे. आज घरी गेल्यावर कार्डाचा ब्रॅकेट एकदा उजेडात धरून पाहा.

घोडबंदरकर

दोघांनीही शांत व्हावे. माझी एक चूक मान्य करतो: आखूड स्वस्त कार्ड आणि मोठे ओसी कार्ड एवढेच दोन पर्याय दुकानात असतील, तर मीही ऐरोलीकरांप्रमाणे मोठेच घेईन. पण मग घरी आल्यावर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज उतरवावे. चिपचा वीजवापर क्लॉकच्या पटीत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून त्याच क्लॉकला १.०५ चे ०.९५ व्होल्ट केले तर त्या भागाची वीज सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. ओसीचे आकडे मिळवण्यासाठी कंपनी जाते त्याच्या उलट दिशेला गेले की पंखे शांत होतात.

ऐरोलीकर

व्होल्टेज उतरवून रात्रभर रेंडर लावले, मध्ये कुठे अडकले नाही. पंखे आणखी मंद झाले, हे नाइलाजाने का होईना कबूल करतो. तीन पंख्यांचे कार्ड घेतल्याचा पश्चात्ताप मात्र नाही. आणि हो, ब्रॅकेट पाहिला. खालच्या स्क्रूला डाग आहे. बिल शोधतो आहे.