गच्चीवर वाजलेलं ते गाणं कुणाचं?

बी-३०४ काकू: काल कोजागिरीला दूध आटत होतं तेव्हा गच्चीवर ते गिटारवालं इंग्लिश गाणं कुणी लावलेलं? नाव टाका ना ग्रुपवर, शब्द फारसे कळले नाहीत पण आवाज डोक्यातनं जात नाहीये

सी-१०२: काकू मी लावलेलं. कोल्टर वॉल. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात स्विफ्ट करंट म्हणून गाव आहे तिथला, जन्म १९९५ चा आणि आवाज ऐकून वाटतं साठी उलटलेला माणूस गातोय. स्वतः गुरं पाळतो, त्यामुळे गुरं, घोडा, माळ, थंडी हे सगळं गाण्यात रोजच्या कामातनं आलेलं असतं, उगीच सजावट नाही. याला म्हणतात कंट्री आणि फोक, स्वतः लिहायचं आणि स्वतःच गायचं

ए-५०१ अण्णा: कंट्री म्हणजे ते टोपी घालून ट्रक आणि बिअरची गाणी म्हणतात तेच की. नातवानं दाखवलेली, काय जीव नाही त्यात

सी-१०२: अण्णा ते जास्त वाजतं म्हणूनच ही माणसं शोधायला लागतात. ॲपवर नुसतं कंट्री टाकलं की वर तेच येतं सगळं. मी काय करतो, एखादा अल्बम आवडला की तो प्रोड्यूस कुणी केलाय, म्हणजे स्टुडिओत गाणी घडवून कुणी घेतली, ते नाव बघतो आणि त्या नावाच्या मागनं जातो. कोल्टरचा २०१७ चा अल्बम डेव्ह कॉबनं केलाय. मग हा कॉब कोण म्हणून बघितलं तर २०१३ चा जेसन इझबेलचा साउथईस्टर्न त्याचाच, २०१४ चा स्टर्जिल सिम्पसनचा अल्बम त्याचाच, २०१५ चा ख्रिस स्टेपलटनचा ट्रॅव्हलर पण त्याचाच. आणि हा सिम्पसन आधी रेल्वेच्या यार्डात नोकरी करायचा बरं का, त्यानं पुढं टायलर चिल्डर्सचा पर्गेटरी प्रोड्यूस केला, डेव्हिड फर्ग्युसनला सोबत घेऊन. टायलर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला, वडील कोळशाच्या कामात. एक नाव धरलं तर एवढी माणसं हाताला लागली, ॲपनं यातलं एक पण आपणहून दाखवलं नव्हतं

सी-१०२: इझबेलचं एक गाणं आहे, कॅन्सर झालेल्या मैत्रिणीशेजारी एकजण बारमध्ये बसलाय, दोघं चेष्टामस्करी करतात, जुनी गाणी म्हणतात आणि आजाराचा विषय तेवढा टाळतात. मिरजेला दवाखान्यात पेशंटपाशी बसून ज्यांनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्यात त्यांना ते गाणं समजावून सांगायला लागणार नाही. आधी एकदा नुसतं ऐका, मग दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका, या लोकांचं सगळं बळ शब्दात आहे

डी-२०३ ताई: सगळे पुरुषच का यादीत? 🙂

सी-१०२: ताई आहेत की, आणि मला विचाराल तर या सगळ्यांत मोठं काम रियानन गिडन्सचं आहे. नॉर्थ कॅरोलायनाची, शिकली ऑपेरा, म्हणजे तिकडचं शास्त्रीय संगीत नाटक, आणि हातात घेतला बँजो. आपल्या बँजो पार्टीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे, लांब दांडीचा. हे वाद्य गोऱ्या लोकांचं असं सगळे धरून चालतात पण ते घडवलं आफ्रिकेतनं गुलाम करून आणलेल्या लोकांनी, सुरुवातीचे बँजो भोपळ्याचेच असायचे. ती आणि तिचे सोबती जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) घरी जाऊन शिकले, काळ्या लोकांच्या त्या जुन्या वाजवण्यातले अगदी मोजके उरले होते त्यातला तो. तो २०१२ ला गेला. हे लोक वेळेत पोचले म्हणून ते वाजवणं आज ऐकायला मिळतंय. २०२३ ला तिला आणि मायकेल एबल्सला ओमर या ऑपेरासाठी पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं

डी-२०३ ताई: भोपळा म्हणजे मिरजेत सतारीला लावतात तसा?

सी-१०२: हो तसाच वाळवलेला. फरक असा की आपल्याकडं त्यावर लाकडाची तबली बसते, तिकडं कातडं ताणतात, म्हणून बँजोचा सूर चटकन उठतो आणि चटकन विरतो, तंबोऱ्यासारखा रेंगाळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे हे इथलंच असं सांगणारं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या एखाद्या कारागिराला हा भोपळ्याचा बँजो दाखवावा, तो हातात घेऊन काय म्हणेल ते ऐकायचंय मला

बी-३०४ काकू: मला रात्री ऐकायला शांत काहीतरी सांग बाळा

सी-१०२: काकू मग गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज. दोन गळे दोन गिटार, फार काही लागतच नाही. त्यांचा वूडलँड लावा, २०२४ चा. वूडलँड हे त्यांच्या नॅशव्हिलमधल्या स्टुडिओचं नाव, मार्च २०२० च्या वादळात त्याचं छत गेलं, आत पाऊस, आणि या दोघांनी टेपा न् वाद्यं हलवून वाचवली. आपण २०१९ ला कृष्णेच्या पुरात सामान वर चढवलंय, आपल्याला वेगळं काय सांगायचं. त्या अल्बमला २०२५ ला फोकचं ग्रॅमी मिळालं

ए-५०१ अण्णा: सगळं ठीक आहे पण आपल्या वाळवा तालुक्यातले पठ्ठे बापूराव, अण्णाभाऊ साठे या पोरांना कोण ऐकवणार? वाटेगावचा माणूस मुंबईला जाऊन मैनेची छक्कड लिहितो, त्याच्या तोडीचं आहे का यात काही

सी-१०२: अण्णा मला तर टायलर ऐकताना छक्कडच आठवते. गाव सुटलेलं, पोटासाठी दुसरीकडं, आणि मागं राहिलेल्या माणसाची ओढ, हे त्या छक्कडीत जेवढं आहे तेवढं यातल्या कुणाकडं मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही बोलून दाखवाल का? तुम्हाला पाठ आहे हे गणपतीत सगळ्यांनी ऐकलंय

ए-५०१ अण्णा: बोलतो. पण पोरं खाली आली पाहिजेत

डी-२०३ ताई: मी आणते, दहावीवाल्यांना पण तासभर सोडते

सी-१०२: मग शनिवारी साडेआठ, क्लबहाऊस. आधी अण्णा, मग टायलर, मग रियानन. गाण्यांचे शब्द प्रिंट काढून आणतो, स्पीकर दहाच्या आत बंद