कॅम्परव्हॅनवर ४०० वॉट सोलर पुरेल का?

मुलुंडचा_भटक्या: व्हॅन आठवडाभर सोसायटीत, शनिवार-रविवार कोकणात. ५० लिटरचा १२ व्होल्ट कंप्रेसर फ्रिज, २५ वॉटचा पंखा, दिवे, लॅपटॉप. छतावर २०० वॉटची दोन पॅनेल मावतात. बॅटरी किती घेऊ? इंडक्शन चालेल का?

वायरवाला: पॅनेल राहू द्या, आधी वापर मांडा. फ्रिज ५० वॉटचा, पण मे महिन्यात तापलेल्या व्हॅनमध्ये कंप्रेसर निम्मा वेळ तरी चालणार: दिवसाला ६०० वॉट-तास. पंखा आठ तास २००, दिवे ५०, लॅपटॉप १५०. झाले १०००. वायर, चार्जिंगची गळती धरून १२५० म्हणा.

४०० वॉट हा आकडा २५ अंशांवरचा. सेल ६५ अंशांवर गेले की १४ टक्के तिथेच गेले, वर धूळ आणि आडवी बसवणी. हातात ३०० धरा. मे महिन्यात पाच तास भर ऊन धरलं तर १५०० वॉट-तास, म्हणजे भागतं. जुलैत तीन तास धरले तर ९००, तेही आभाळाच्या मर्जीवर.

बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-तास), लिथियम आयर्न फॉस्फेट. ८० टक्के वापरलीत तरी २०५० वॉट-तास, दीड दिवस निघतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी नको: वजन जास्त, निम्मीच वापरायची, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

घाटवाट: जुलैची तूट पॅनेल वाढवून भरू नका, छत तेवढं नाहीच. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनच्या अल्टरनेटरवरून ही बॅटरी भरणारा) घाला, गाडी चालताना तासाला ४०० वॉट-तास मिळतात. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज मधेच खाली आणतो, म्हणून दोन बॅटऱ्या थेट जोडणाऱ्या नुसत्या रिलेवर विसंबू नका.

इंडक्शन विसरा. १८०० वॉटला बॅटरीतून १६० अँपिअर खेचले जातात, बॅटरीतला १०० अँपिअरचा बीएमएस (रक्षक सर्किट) लगेच पुरवठा तोडतो. गॅस बरा.

मुलुंडचा_भटक्या: पॅनेल सिरीज की पॅरलल?

वायरवाला: झाडाखाली, इमारतीशेजारी उभी राहणार असेल तर पॅरलल. एकावर सावली आली तरी दुसरं चालतं. फक्त करंट दुप्पट होतो: ६ चौरस मिमीच्या वायरला पाच मीटरवर ०.६ व्होल्ट जातो, म्हणून १० ची घ्या. चार्ज कंट्रोलर ४० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), बॅटरीच्या प्लसजवळच ५० अँपिअरचा फ्यूज. लांब लावलात तर मधल्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही.

आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलटं.