सभा घ्यायला ‘नको’ म्हणणं ही नम्रता की पळवाट?

शिरोलीची_शिफ्ट
सर्वांना सलाम. मी उचगावात राहतो, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. आमच्या भागातली घरगुती प्रार्थनासभा घेणारे काका मुलाकडं पुण्याला गेले आणि पाळकसाहेबांनी ती माझ्या गळ्यात घातली. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. ‘प’ आणि ‘य’ वर हमखास अडकतो, म्हणजे प्रभू आणि येशू दोन्ही अडचणीचे!

नको म्हणालो, तर चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, “अरे, देव दुबळ्यांनाच वापरतो.” बरं वाटायचं सोडून मला रागच आला. दुबळा म्हणून निवडलंय, का दुसरं कोण मिळंना म्हणून? आपली लायकी ओळखून मागं राहणं हीच नम्रता, असं मला वाटतं. बायको म्हणते, नम्रता कसली, चारचौघांत हसं होईल म्हणून भिताय. कुणाचं खरं?

निवृत्त_सिस्टर
बाळा, बायबलमधला निर्गम ४ सावकाश वाच. देव इस्राएलाच्या सुटकेसाठी पाठवतोय आणि मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे. त्यावर देव रागावत नाही. माणसाला तोंड कुणी दिलं, असं विचारतो आणि बोलताना मी तुझ्याबरोबर असेन म्हणतो. राग येतो तो त्याच्या पुढच्या बोलण्याचा: दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तोवर जिभेचा प्रश्न मिटलेला असतो, नुसतं जायचं नसतं. आणि रागावूनही देवानं अहरोनाला जोडीला दिलंच. मोशेची जीभ सुटली असं त्या अध्यायात कुठं नाही. प्रेषित पौलानंही शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा मिळाली.

दुसरं कोण मिळेना म्हणून निवडलं असेल, तर असू दे की! पुढं इस्राएलाचा सेनानी झालेल्या गिदोनाला देवाचं बोलावणं आलं तेव्हा तो शत्रूच्या, मिद्यान्यांच्या भीतीनं द्राक्षकुंडात गहू झोडत होता.

पण ‘मी दुबळा, मी दुबळा’ हे घोकणंही मला सोसत नाही. कन्व्हेन्शनला माईक मिळाला की ‘मी तर पायाची धूळ’ म्हणून सुरुवात करायची आणि तासभर माईक सोडायचा नाही, असले पुष्कळ पाहिलेत. मिरजेला नोकरीत असताना आमच्या वॉर्डात एक आयाबाई होत्या. वाचता येत नव्हतं, स्तोत्र २३ तेवढं तोंडपाठ. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट त्यांनाच उशाशी बोलवायचे. स्वतःला दुबळं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बेडपॅन, चादरी, एवढ्यातून सवडच कुठं होती!

तू शास्त्रवाचन बायकोला दे. खमकी दिसते.

रंकाळा_वॉक
मावशी, पटलं, पण एक सांगतो. ‘देव दुबळ्यांना वापरतो’ म्हणत काही तयारी न करता उभं राहणारेही आहेत. पौल गमलिएल या शास्त्रपंडिताच्या पायाशी शिकलेला. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर विद्वानच. दुबळेपणा ही काय डिग्री नव्हे. भावा, सभा घे, पण उतारा आधी घरी मोठ्यानं वाच.

निवृत्त_सिस्टर
तयारी हवीच. पण त्याच टिळकांच्या घरात बघा. १९१९ मध्ये ते गेले, ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपुरं राहिलं. ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याइतकी विद्वत्ता येईस्तोवर थांबते म्हणाल्या असत्या, तर?

शिरोलीची_शिफ्ट
मावशी, ‘खमकी’ वाचून बायको जाम खूश. शुक्रवारी सभा ठेवलीय, फर्स्ट शिफ्ट संपली की. ती वाचणार, मी प्रार्थना आणि दोन शब्द. बायबलमधलं शास्ते ७ घेतोय, गिदोनाचंच. माझ्याच हातानं सुटका झाली अशी फुशारकी इस्राएलानं मारू नये म्हणून देव त्याच्या सैन्यातले ३२,००० चे ३०० करतो, तो भाग. घाबरलेल्यांना आधी घरी जायची मुभा होती, हे वाचून जरा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण पहिल्याच वचनात ‘यरुब्बाल’ आहे. आला का ‘य’!

निवृत्त_सिस्टर
त्याच वचनात ‘म्हणजे गिदोन’ असंही आहे. बोलताना तेवढंच म्हण.