लॉ जर्नलला लेख पाठवताना: दोन ठिकाणी एकदम, तळटिपा आणि नाव काढलेली प्रत

रानजाई:
नमस्कार मंडळी. अटकपूर्व जामिनावरचा लेख तयार आहे, तळटिपा धरून 11,200 शब्द. जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम 438 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 482 यांची तुलना केली आहे. मजकूर एलएलएमच्या प्रबंधातून काढलाय. शंका अशा:
तीन जर्नलना एकाच वेळी पाठवला तर चालतं का? उत्तराला महिनोन्‌महिने लागतात म्हणून विचारते. तळटिपा ब्लूबुक (संदर्भ देण्याची अमेरिकन पद्धत) धर्तीच्या आहेत, त्या तशाच चालतील? आणि समीक्षकांसाठीची निनावी प्रत म्हणजे पहिल्या पानावरचं नाव काढलं की झालं ना? यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी बंद झाल्यावर जर्नल पारखायचं कसं, तेही सांगा.

वाळवंटकाठ:
एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवू नका. अमेरिकेतल्या विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यूंमध्ये ती रीत आहे. तिथे एकच लेख अनेकांकडे जातो आणि एकाने होकार दिला की बाकीच्यांना लवकर निर्णय द्या म्हणून कळवतात. भारतातली आणि इंग्लंडमधली बहुतेक जर्नलं मात्र ‘हा लेख दुसरीकडे विचाराधीन नाही’ असं लेखी मागतात. ते लिहून देऊन दुसरीकडे पाठवलात तर तो खोटेपणा ठरतो, आणि समीक्षक थोडेच असल्याने तोच लेख दोन जर्नलांकडून एकाच समीक्षकाकडे जाऊ शकतो. वाट पाहून कंटाळलात तर लेख मागे घेत असल्याचं ईमेलने कळवा. मागे घेतल्याची पोच आली की मगच पुढचं जर्नल.

आता लेखाबद्दल. ‘438 विरुद्ध 482’ ही तुलना झाली, तो दावा नव्हे. संपादक पहिल्या दोन पानांत दावा शोधतात. तुमच्या विषयात तो आहे: महाराष्ट्राने 1993 साली 438 मध्ये स्वतःची दुरुस्ती करून अर्जाचा विचार करतानाचे चार निकष कायद्यातच लिहिले होते. 482 मध्ये ती यादी नाही. मग मुंबई उच्च न्यायालयापुढे आता ते निकष कायद्याने बंधनकारक उरलेत, की फक्त न्यायनिर्णयांतून आलेले मार्गदर्शक? एवढा एकच प्रश्न धरा. इतर राज्यांचा आढावा आणि 1973 पूर्वीचा इतिहास काढला तर 11,200 चे 8,000 सहज होतील. शब्दमर्यादेत तळटिपा धरतात की नाही हे प्रत्येक जर्नलचं वेगळं असतं, ते आधी वाचा.

तळटीप:
ब्लूबुक तशीच चालणार नाही. काही जर्नलं ब्लूबुक घेतात, काही ऑस्कोला (ऑक्सफर्डची संदर्भपद्धत). 1958 पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ द इंडियन लॉ इन्स्टिट्यूट’ची तर स्वतःची पद्धत आहे. फरक बारीक असतो, पण लगेच दिसतो. खटल्याच्या नावात ‘व्ही’नंतर टिंब आणि पक्षकारांच्या नावांपुढे स्वल्पविराम हे ब्लूबुक, ऑस्कोलात दोन्ही नाहीत. मागच्या टिपेकडे बोट दाखवताना ब्लूबुकमध्ये ‘सुप्रा नोट 14’, ऑस्कोलात कंसात ‘एन 14’.

खरी गडबड या 14 मध्येच होते. हाताने आकडे टाकले असतील आणि मधली एक टीप उडवली, तर पुढचे सगळे चुकतात. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स वापरा. त्यातही एक मेख आहे: मुख्य मजकुरात उभं राहून कंट्रोल-ए आणि एफ9 दाबलं तर तळटिपांतले आकडे बदलत नाहीत. कर्सर कुठल्याही एका तळटिपेत ठेवा, तिथे कंट्रोल-ए, मग एफ9.

तुमच्या विषयातला आणखी एक खड्डा. जुन्या संहितेचं 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ते नव्या संहितेत 528 झालं. नवं 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. म्हणून नुसतं ‘कलम 482’ लेखात एकदाही येता कामा नये, प्रत्येक वेळी संहितेचं नाव हवं. 1 जुलै 2024 च्या आगेमागे दाखल झालेल्या अर्जांत कुठली संहिता लागू धरली, हेही न्यायनिर्णयागणिक तपासा.

निकालाचा संदर्भ देताना पान नव्हे, परिच्छेद क्रमांक द्या: सुशीला अगरवाल, (2020) 5 एससीसी 1 (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निकालांची मालिका), आणि पुढे नेमका परिच्छेद. एससीसीतलं शीर्षटिपण (निकालाच्या आधी छापलेला सारांश) उद्धृत करू नका, ते प्रकाशकाच्या संपादकांनी लिहिलेलं असतं, न्यायमूर्तींनी नाही. 2023 पासूनच्या निकालांना तटस्थ संदर्भही (कुठल्याही प्रकाशकाचा नसलेला, न्यायालयानेच दिलेला क्रमांक) जोडा. सर्वोच्च न्यायालयाचा ‘आयएनएससी’ने ओळखतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ संदर्भात ‘बीएचसी’पुढे एएस, ओएस, एनएजी, एयूजी अशी अक्षरं असतात. ती गाळली तर निकाल अपील शाखेचा, मूळ शाखेचा, नागपूरचा की औरंगाबाद खंडपीठाचा, हे कळत नाही.

शेवंती_82:
निनावी प्रतीबद्दल. पहिल्या पानावरचं नाव हा सगळ्यात सोपा भाग. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, तिथून डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवा. मार्गदर्शकांच्या ट्रॅक चेंजेसमध्ये त्यांचं नाव दिसतं, ते बदल आधी स्वीकारा किंवा काढा. फाइलच्या नावात आडनाव नको. तारांकित तळटिपेतले आभार वेगळ्या फाइलमध्ये न्या. ‘मी माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य असेल तर ओळख तिथेच उघडी पडते.

मजकूर प्रबंधातून आला आहे हे संपादकांच्या पत्रात दोन ओळींत सांगा, निनावी प्रतीत नाही. लपवलंत आणि साम्य-अहवालात, म्हणजे मजकूर इतरत्र किती जुळतो हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात, निघालं, तर बाजू मांडायला वाव उरत नाही.

रानजाई:
आभार! साम्य 23 टक्के येतंय. यात कलमांचे उतारेच जास्त आहेत.

शेवंती_82:
मग आकड्याला घाबरू नका, अहवाल उघडून बघा. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर मोजणीतून वगळायचा असतो. योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही. ही गाळणी लावून अहवाल पुन्हा काढा. मात्र एखाद्या निकालातला परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय, दोन शब्द फिरवून आला असेल तर तो 3 टक्के असला तरी अडचणीचाच.

वाळवंटकाठ:
जर्नलच्या पारखीचं राहिलं. केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवली, त्यामुळे ‘केअर-मान्य’ असं आजही मिरवणाऱ्यांपासून सावध राहा. आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक, दर्जाचा शिक्का नाही. तो आयएसएसएनच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि प्रकाशक जुळतात का बघा, कारण नामवंत जर्नलांच्या हुबेहूब नकला निघतात. मग गेल्या दोन अंकांतला एकेक लेख पूर्ण वाचा आणि त्यातल्या पाच तळटिपा मूळ निकालाशी ताडून पाहा. स्वीकृती दोन दिवसांत आणि सोबत शुल्काची पावती, असं असेल तर समीक्षा झालेलीच नसते. तिथे लेख पाठवू नका.