ब्राउझरमधून येणाऱ्या फसव्या सूचना : कोल्हापुरातील काही अनुभव

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात किंवा फोनच्या वरच्या पट्टीत अचानक एक चौकट उमटते आणि 'तुमच्या यंत्रात व्हायरस आढळले आहेत', 'सुरक्षेची मुदत संपली', 'तुम्हाला बक्षीस लागले आहे' असे काहीबाही सांगू लागते. ही तक्रार कोल्हापुरातल्या ओळखीच्या घरांतून आणि कार्यालयांतून इतक्या वेळा कानावर आली, की निरनिराळ्या कामांत असलेल्या परिचितांना आपापला अनुभव सविस्तर लिहून देण्याची विनंती करावी असे वाटले. नावे कोणाचीच दिलेली नाहीत; ज्यांच्या घरात हे घडले त्यांची तशी इच्छा होती आणि ती योग्यच आहे.

अनुभवांपूर्वी थोडी पार्श्वभूमी देतो. संकेतस्थळ बंद असतानाही त्याची सूचना वापरकर्त्यापर्यंत पोहोचावी, ही सोय क्रोम या ब्राउझरमध्ये (संकेतस्थळे पाहण्याच्या प्रोग्राममध्ये) 2015 साली आली आणि फायरफॉक्समध्ये 2016 च्या सुरुवातीला. सोय उपयोगाचीच आहे. ईमेल, बातम्या, कार्यालयीन निरोप यांसाठी अनेक जण ती रोज वापरतात. मात्र संकेतस्थळाने परवानगी मागितल्यावर 'अलाऊ' हे बटण एकदा दाबले, की ते संकेतस्थळ पुन्हा न उघडताही सूचना पाठवू शकते, आणि ती सूचना संगणकाच्या स्वतःच्या सूचनांच्या रांगेत, जवळपास त्याच रूपात दिसते. पाहणाऱ्याला वाटते की यंत्रच आपल्याशी बोलत आहे. माझ्या मते सगळी फसवणूक या एका गैरसमजावर उभी आहे.

संगणक दुरुस्ती करणारे, राजारामपुरी

माझ्याकडे या तक्रारीसाठी येणारा ग्राहक बहुधा 'फॉरमॅट मारून द्या' असेच म्हणत दुकानात शिरतो. तोपर्यंत त्याने बरेच काही करून पाहिलेले असते. अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केलेली असते आणि त्याला काहीच सापडलेले नसते. त्यामुळे भीती कमी होण्याऐवजी वाढते, कारण अँटिव्हायरसलाही न सापडणारे काहीतरी भयंकर आत बसले आहे, असा त्याचा समज होतो. कोणी ब्राउझरची हिस्टरी पुसतो; पण हिस्टरी पुसताना साइट सेटिंग्ज वेगळ्या निवडल्या नाहीत, तर दिलेली परवानगी जागच्या जागी राहते. कोणी क्रोम काढून पुन्हा टाकतो; पण काढताना ब्राउझिंग डेटा पुसण्याच्या चौकटीत खूण केली नसेल, तर जुनी माहिती संगणकातच असते आणि सूचना दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतात. बहुतेक वेळा यंत्रात व्हायरस नसतोच. असते ती एका संकेतस्थळाला दिलेली परवानगी.

मी ग्राहकाला शेजारी बसवून पहिल्यांदा ती सूचनाच नीट वाचायला लावतो. मोठ्या अक्षरांत व्हायरसचे नाव असते, नामांकित अँटिव्हायरस कंपनीसारखे चिन्ह असते, आणि बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव व एक अर्थहीन अक्षरे जुळवून केलेला पत्ता असतो. तो पत्ता हाच चोराचा माग. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथून 'साइट सेटिंग्ज' आणि तिथून 'नोटिफिकेशन्स' उघडले, की परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी दिसते आणि तोच पत्ता तिथे सापडतो. त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांमध्ये 'रिमूव्ह' आणि 'ब्लॉक' हे पर्याय असतात. 'रिमूव्ह' केले तर ते संकेतस्थळ पुढे पुन्हा विचारू शकते. 'ब्लॉक' केले तर विचारूही शकत नाही. अनोळखी पत्त्यांसाठी मी नेहमी 'ब्लॉक' निवडायला सांगतो. त्याच पानावर कोणत्याही संकेतस्थळाला सूचनांची परवानगी मागू न देण्याचा पर्याय आहे, आणि ज्यांना अशा सूचना कधीच लागत नाहीत त्यांच्यासाठी तो सर्वांत सोपा उपाय आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही सेटिंग्जमधील साइट परवानग्यांत अशीच यादी असते. हे झाल्यावर एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) यादी पाहावी आणि आपण न टाकलेले काही दिसले तर काढावे.

परवानगी मिळवण्याची त्यांची युक्ती सांगणेही आवश्यक आहे. पान उघडताच 'आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असा मजकूर येतो आणि मागे खऱ्या पडताळणीसारखे चित्र असते. खऱ्या पडताळणीचा सूचनांच्या परवानगीशी काडीचाही संबंध नसतो. नकार दिला तर पान किंचित बदललेल्या पत्त्यावर उडी मारते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, कारण ब्राउझरच्या दृष्टीने तो पत्ता नवा असतो. अशा वेळी 'अलाऊ' आणि 'ब्लॉक' यांच्या फेऱ्यात न अडकता ती टॅबच बंद करावी.

माझ्या व्यवसायातील मंडळींना एक विनंती आहे. हे काम काही मिनिटांचे आहे. त्यासाठी संपूर्ण यंत्र फॉरमॅट करून पैसे घेणे मला पटत नाही, कारण त्यात ग्राहकाचे फोटो आणि हिशेब विनाकारण धोक्यात येतात, आणि मूळ कारण न कळल्यामुळे तो पुन्हा त्याच जाळ्यात सापडतो.

हिशेब विभागातील कर्मचारी, उद्यमनगर

आमच्या कार्यालयातील एका संगणकावर टॅली, जीएसटीचे काम, ई-वे बिल आणि कंपनीचे नेटबँकिंग असे सगळेच चालते. महिन्याच्या 20 तारखेपूर्वी जीएसटीआर-3बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची घाई असते, आणि अशाच घाईत आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने व्हायरसची सूचना आली म्हणून तिच्यावर क्लिक केले. लगेच संपूर्ण पडदा व्यापणारे पान उघडले, मोठा भोंगा वाजू लागला आणि 'संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा इशारा दिसू लागला. तो क्रमांक फिरवण्यासाठी त्याने फोन हातात घेतलाही होता. शेजारच्या टेबलावरील आमच्या ज्येष्ठ मॅडमनी त्याला थांबवले आणि संगणकाला लावलेले डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आधी काढून घेतले. मग त्यांनी एस्केपची कळ दाबून धरून पान लहान केले आणि टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला. ब्राउझर पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणायची का, असे त्याने विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले. अन्यथा तेच पान पुन्हा उघडले असते.

मॅडमनी त्या वेळी सांगितलेली गोष्ट मी नंतर पडताळून पाहिली आणि ती खरी आहे: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशांत किंवा इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. पडद्यावरच्या इशाऱ्यात क्रमांक दिसला, की तो इशारा खोटा समजावा. आता कार्यालयातील सर्व संगणकांवर सूचनांची परवानगी मागणेच बंद करून ठेवले आहे आणि बँकेच्या कामासाठी वेगळा ब्राउझर ठरवून दिला आहे.

गृहिणी, मंगळवार पेठ

माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. मोबाईलवर पेपर वाचणे आणि भजने ऐकणे हा त्यांचा नेम होता. अलीकडे ते फोन उलटा करून ठेवू लागले, चार्जिंगलाही लावेनासे झाले. वयामुळे कंटाळले असतील, असे घरातल्यांनी गृहीत धरले. एक दिवस मी सहज विचारले, "आण्णा, फोन बिघडलाय का? जरा बघू का मी?" तेव्हा त्यांनी दार लोटून घेतले आणि हळू आवाजात सांगितले की फोनमधली सगळी माहिती कोणीतरी चोरली आहे, पेन्शनचे पैसेही जातील, आणि हे आपल्याच हातून झाले म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

प्रत्यक्षात एकही रुपया गेलेला नव्हता. पंचांग पाहण्यासाठी उघडलेल्या कुठल्याशा पानाला परवानगी दिली गेली होती आणि तिथून दिवसभर 'फोन खराब होत आहे', 'बॅटरीला धोका आहे' अशा सूचना येत होत्या. मी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला नाही. सूचनेवर नुसते टिचकी मारू नका, ती दाबून धरा, एवढेच सांगितले. दाबून धरल्यावर त्या संकेतस्थळाच्या सूचना बंद करण्याचा पर्याय आला आणि तो त्यांनी स्वतःच्या बोटाने निवडला. नंतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन यादीतील बाकीचे पत्ते त्यांनी एकेक वाचून काढून टाकले. 'हा कोण?' असे ते प्रत्येक पत्त्यापाशी विचारत होते.

मला सर्वांत जास्त लागले ते हे, की इतके दिवस एवढी भीती त्यांनी एकट्याने सोसली. आमच्या घरात 'तुम्ही कशाला दाबलंत?' असा सूर एरवी असतो, आणि म्हणूनच ते गप्प राहिले, याबद्दल मला शंका नाही. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे फोन वापरतात, त्यांनी निदान हा प्रश्न तरी विचारू नये.

महाविद्यालयीन विद्यार्थी, शिवाजी पेठ

फुटबॉलचे वेड कोल्हापूरला नवे नाही. युरोपातील लीगचे सामने रात्री उशिरा असतात आणि ते फुकट दाखवतो म्हणणारे दुवे आमच्या तालमीच्या ग्रुपवर फिरत असतात. सामना सुरू करण्याच्या बटणावर दुसरेच अदृश्य बटण असते, त्यावरून दोन-तीन पाने उघडतात आणि शेवटी 'व्हिडिओ पाहण्यासाठी अलाऊ दाबा' असे येते. व्हिडिओ चालण्यासाठी सूचनांची परवानगी कधीच लागत नाही, हे मी ग्रुपवर लिहिले, तेव्हा निम्म्या जणांच्या फोनमध्ये या सूचना येतच होत्या असे कळले. 2020 पासून फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही परवानगी मागणारी चौकट बरीच दडवली आहे, तरीही अशी पाने गोड बोलून ती उघडायला लावतात.

आयफोन वापरणाऱ्या एक वकील, ताराबाई पार्क

आयफोनवर साध्या टॅबमधून अशा सूचना येत नाहीत. 2023 मधील आयओएस 16.4 या आयफोनच्या प्रणालीपासून त्या येतात, पण होम स्क्रीनवर मुद्दाम जोडलेल्या संकेतस्थळांकडूनच. माझ्या भाचीला व्हायरसचे इशारे येत होते, ते कॅलेंडरमधून. एका पानावरून तिच्या फोनमध्ये परक्या कॅलेंडरची नोंदणी झाली होती. कॅलेंडर अॅपमधील कॅलेंडरांच्या यादीतून ते काढून टाकताच सर्व इशारे एकदम नाहीसे झाले. एकेक नोंद उघडून नाकारत बसण्याची गरज पडली नाही.

बँक अधिकारी, लक्ष्मीपुरी

आमच्यापर्यंत येणारा ग्राहक सूचनेच्या बराच पुढे गेलेला असतो. इशाऱ्यात दिलेल्या क्रमांकावर त्याने फोन केलेला असतो, पलीकडच्या नम्र माणसाने एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावलेले असते, आणि 'दुरुस्तीची फी परत करतो' म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलेले असते. ही अॅप मुळात दूरवरून संगणक हाताळण्यासाठीच आहेत आणि त्यांचा रीतसर वापरही होतो. प्रश्न समोर कोण बसला आहे याचा असतो.

अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे. त्याच फोनवर बोलत न राहता दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या किंवा पासबुकाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवावे, आणि लगेच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार द्यावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही ती नोंदवता येते. वेळेला इथे पैशाइतकेच मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः पासवर्डासारखी माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याने सोसायचे आणि कळवल्यानंतरचे बँकेने, असे स्पष्ट म्हटले होते. मुलगा पुण्याहून आल्यावर बघू, म्हणून शनिवारपर्यंत थांबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तेवढ्या दिवसांत खात्यावरून आणखी रकमा गेलेल्या पाहिल्या आहेत. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली 3 वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे; तेव्हा तक्रार देताना संकोच फसवणाऱ्याला वाटायला हवा, फसलेल्याला नव्हे.

सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई, कसबा बावडा

आमच्या भागात पावसाळ्यात सूचनांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे लहान मुलांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 चे पूर आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे पाणी किती वाढले हे कळावे म्हणून लोक त्या दिवसांत समोर येईल त्या पानाला परवानगी देतात, आणि पूर ओसरल्यावरही त्यांतली भलतीच पाने व्हायरसच्या आणि बक्षिसांच्या सूचना पाठवत राहतात. कंटाळून माणूस फोनच्या सगळ्याच सूचना बंद करतो, आणि पुढच्या पावसाळ्यात खरी सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मला हे नुकसान पैशाच्या नुकसानीइतकेच मोठे वाटते.

म्हणून सगळे बंद करण्यापेक्षा यादी तपासणे बरे. ज्यांच्या सूचना खरोखर हव्या आहेत अशी एक-दोन ओळखीची संकेतस्थळे ठेवावीत आणि बाकीची काढावीत. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढायला आलेल्या माणसाची इच्छा असेल, तर अर्ज भरून होईपर्यंत आम्ही त्याच्या फोनमधील ही यादी त्याला उघडून दाखवतो. काय ठेवायचे आणि काय काढायचे हे त्याने ठरवायचे, फोन त्याच्याच हातात राहायचा, आणि पिन किंवा ओटीपी आम्हालाही सांगायचा नाही, असा फलक काउंटरवर लावलेला आहे. मे महिन्यात, शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी सुरू झाली की हे काम सर्वांत जास्त होते, आणि पावसाच्या आधी होते म्हणून ते मला विशेष महत्त्वाचे वाटते.